आटत्या ओढ्याची वही : सह्याद्रीतल्या ओहोळांमधले पाणकीटक वर्षभर कसे पाहावेत

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात घाटमाथ्यावरच्या एखाद्या कोरड्या ओढ्यात उतरा आणि पात्रात अर्धवट रुतलेला, नारळाएवढा एक गोटा उलटा करा. वरची बाजू हात ठेववणार नाही इतकी तापलेली असते. खालची बाजू गार लागते आणि दगड उचलल्यावर उरलेल्या खळगीत अजून ओल असते. त्या गार बाजूला वाळूच्या कणांची, तांदळाच्या दाण्याएवढी एखादी नळी चिकटलेली दिसली तर ती नखानं खरवडू नका. कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याच्या अळीनं स्वतःच्या लाळेच्या रेशमानं एकेक कण जोडून ते घर बांधलेलं असतं. पुढचं तोंड उघडं असेल तर बहुधा घर रिकामं आहे. दोन्ही तोंडं बुजवलेली असतील तर आत कोश असण्याची शक्यता आहे, म्हणजे पाणी जायच्या आत पंख फुटावेत म्हणून चाललेली धडपड.

‘ओढा आटला’ हे आपण दोन शब्दांत सांगून मोकळे होतो. पण ओढा एका दिवसात आटत नाही. आधी खळाळ थांबतो, मग धार बारीक होते, मग डोह एकमेकांपासून तुटतात, मग एकेक डोह जातो, आणि तरीही वाळूखाली पाणी राहतं. या प्रत्येक टप्प्यावर काही किडे मरतात, काही उडून जातात, काही खाली वाळूत शिरतात आणि काही फक्त अंडी मागे ठेवतात. हा सगळा क्रम घरच्या सामानानं, दर पंधरा दिवसांनी एक सकाळ देऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. तो कसा पाहायचा ते इथे सांगतो. विज्ञानाचे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक, गावातली हौशी मंडळी, कुणालाही हे जमेल.

आपले ओढे आटतात का

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला त्याहूनही जास्त. तरी त्याच घाटमाथ्यावरचे कितीतरी ओहोळ जानेवारीत कोरडे असतात. एक कारण पावसाचं वेळापत्रक: जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. दुसरं कारण पायाखाली आहे. सह्याद्रीचा बराचसा भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. लाव्हाचे थरावर थर बसून तो तयार झाला. घट्ट कातळ स्वतःच्या अंगात पाणी फारसं धरत नाही. पाणी साठतं ते भेगांमध्ये, झिजलेल्या मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यात. असा सांधा डोंगराच्या उतारावर उघडा पडतो तिथे झरा लागतो. ज्या ओढ्याच्या माथ्यावर असा बारमाही झरा आहे तो मे महिन्यातही ओलसर राहतो, आणि ज्याला फक्त वरून वाहून येणारं पाणी मिळतं तो दिवाळीनंतर थकायला लागतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. जगातल्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के लांबी वर्षातून निदान एक दिवस तरी वाहत नाही, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आटणारा ओढा हा अपवाद नाही. तरी त्याच्याकडे ‘अर्धा ओढा’ म्हणूनच पाहिलं जातं आणि त्यातल्या जीवांची मोजणी क्वचित होते.

ओढा निवडताना

घरापासून तासाभरात पोचता येईल असाच ओढा घ्या. दूरचा सुंदर ओढा निवडला की डिसेंबरपर्यंत उत्साह टिकतो आणि नेमका आटायच्या वेळी खंड पडतो. पात्र दोन ते पाच मीटर रुंद असावं आणि पन्नास मीटरच्या टप्प्यात निदान एक खळाळ (गोट्यांवरून उथळ पाणी आवाज करत वाहतं ती जागा), एक डोह आणि थोडी वाळू-गोटे असावेत. वरच्या अंगाला वस्ती नसेल तर उत्तम. साबणाचं पाणी येत असेल तर किडे आटण्यानं गेले की साबणानं, हे सांगता येणार नाही. जमलं तर शेजारचा एखादा बारमाही ओढाही धरा, म्हणजे तुलना करता येते.

गावातल्या माणसांना आधी विचारा: हा ओढा कधी तुटतो, शेवटचा डोह कुठला, झिरा कुठे खोदतात? उन्हाळ्यात पात्रात खड्डा करून पाणी काढणाऱ्या बायकांना ओढ्याच्या पोटातलं पाणी कुठून जातं ते नेमकं ठाऊक असतं. मला एका मावशींनी जागा दाखवली ती आडव्या कातळाच्या जरा वरच्या अंगाची, वाळू साचते तिथली. ‘काताळ पानी अडिवतो, मंग ते वर येतं,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि करवंटीनं वाळू उपसायला लागल्या. हातभर खोलीवर पाणी लागलं. पुढे वाळूखालचे किडे शोधताना मी हीच खूण धरली.

अभयारण्य किंवा राखीव वनातला ओढा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काहीही पकडू नका. देवराईतला ओढा असेल तर गावकऱ्यांना विचारा आणि तिथली रीत पाळा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पात्रात उतरायचंच नाही. डोंगरावर पडलेला पाऊस खाली कळायच्या आत लोंढा येतो. नोंदी ऑक्टोबरात सुरू करायच्या त्या म्हणूनच.

सामान

पांढरा, पसरट ट्रे किंवा जुनी पांढरी प्लास्टिकची परात. पांढऱ्यावर किडा लगेच दिसतो, स्टीलच्या ताटात चकाकीमुळे दिसत नाही. पिठाची बारीक चाळण आणि चहाची गाळणी. चित्रकलेचा मऊ ब्रश, कारण चिमट्यानं पाय तुटतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग. साधा थर्मामीटर, पण पाऱ्याचा नको, फुटला तर पारा ओढ्यात जातो. दहा लिटरची बादली, पट्टी, दोरी. वही आणि पेन्सिल. पेनाची शाई भिजली की महिन्याची मेहनत जाते. ज्या चपला भिजल्यावर घसरत नाहीत त्या घाला.

कोण कोण भेटेल

सगळी शास्त्रीय नावं पाठ करायची गरज नाही. सुरुवातीला दहा-बारा गट ओळखता आले की पुरे. शेपट्या, नख्या आणि कल्ले कुठे आहेत, एवढं पाहा.

मेफ्लायची पिल्लं (पाण्यात वाढणाऱ्या अपूर्ण अवस्थेला सोयीसाठी पिल्लू म्हणतो) बहुधा तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे हलणारे कल्ले, पायाला एकच नखी. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोनच शेपट्या, पायाला दोन नख्या आणि कल्ल्यांचे झुबके असलेच तर छातीशी, पायांच्या मुळाशी. हा किडा मिळाला तर आनंद माना. त्याला गार, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदाच्या, पिल्लाला मागे तीन पाती असतात. चतुराच्या पिल्लाचे कल्ले मात्र बाहेर दिसत नाहीत. ते गुदमार्गाच्या आत पाणी खेचून श्वास घेतं आणि तेच पाणी जोरात बाहेर फेकून पुढे झेपावतं. परातीत हलक्या हातानं ब्रश लावा, ती झेप दिसेल.

खळाळातल्या दगडावर काळपट, एका टोकाला जाड, पाण्याच्या दिशेनं लवलवणाऱ्या अळ्यांचा गालिचा असेल तर त्या काळ्या माश्यांच्या अळ्या. बुडाशी चिकटून राहतात आणि डोक्यावरच्या पिसाऱ्यांनी पाण्यातले कण गाळून खातात. दगडांच्या फटीत छोटं जाळं असेल, तर ती जाळं विणणारी कॅडिस अळी. जाळ्याचं तोंड नेहमी वरच्या धारेकडे असतं. दगडाला नाण्यासारखा चपटा, गोल, खपल्यासारखा चिकटलेला जीव म्हणजे एका भुंगेऱ्याची अळी.

डोहात वेगळी मंडळी. वर घसरत धावणारी निवळी, गरगर फिरणारे काळे भुंगेरे (त्यांचे डोळे दुभागलेले असतात, अर्धे पाण्याच्या वर बघतात, अर्धे खाली), शेपटीच्या नळीनं हवा घेणारा पाणविंचू, आणि पाठीवर अंड्यांचा पुंजका घेऊन फिरणारा मोठा पाणढेकूण. तो पाठीवर अंडी वाहणारा नर असतो; मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवते आणि ती फुटेपर्यंत तो त्यांना हवा-पाणी देत राहतो. गाळात तांबड्या, दोऱ्यासारख्या अळ्या दिसतील. त्या चावत नाहीत. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या चिलटांच्या त्या अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून रंग तांबडा, आणि म्हणूनच कमी प्राणवायूतही त्या तग धरतात.

ऑक्टोबर : नकाशा आणि पहिली मोजणी

पन्नास मीटरचा टप्पा दोरीनं मोजा आणि वहीच्या दोन पानांवर हातानं नकाशा काढा. खळाळ, डोह, कातळ, वाळू, पडलेली झाडं, सावली कुठवर येते. डोहांना क्रमांक द्या. दोन्ही टोकांना झाडाची किंवा न हलणाऱ्या कातळाची खूण धरा. हा नकाशा नीट काढायला तास लागला तरी चालेल. मार्चमध्ये पाणी नसताना ‘डोह क्रमांक ३ इथे होता’ हे याच नकाशावरून कळणार आहे.

पाणी मोजायला सोपी युक्ती: धार कातळावरून पडते तिथे बादली धरा आणि दहा लिटर भरायला किती सेकंद लागले ते पाहा. वीस सेकंद लागले तर ओढा सेकंदाला अर्धा लिटर वाहतोय. मोठ्या धारेला बादली पुरत नाही, तेव्हा पाच मीटरचं अंतर मोजून त्यावरून वाळकं पान सोडा आणि वेळ लिहा. आकडा अगदी अचूक नसला तरी दर वेळी त्याच जागी मोजला की उतार कळतो.

किड्यांसाठी दर वेळी मेहनत सारखीच ठेवा. हाच या कामाचा कणा आहे. मी असं करतो: खळाळातले पाच गोटे, प्रत्येकी मूठ ते नारळ या मापाचे. गोटा उचलण्याआधी त्याच्या खालच्या धारेला चाळण धरायची, कारण दगड हलताच बरेच किडे सुटून वाहतात. गोटा परातीत धरून ब्रशनं सगळ्या बाजू झाडायच्या. मग डोहाच्या काठाशी साचलेल्या पालापाचोळ्याचे दोन ओंजळ घेऊन परातीत हलवायचे. शेवटी चाळण डोहाच्या काठानं दहा वेळा फिरवायची. जे दिसेल ते गटवार मोजायचं, फोटो घ्यायचे आणि सगळं त्याच जागी सोडायचं. दगड होता तसा, त्याच बाजूनं खाली ठेवायचा. उलटा ठेवला तर खालच्या बाजूचे जीव उन्हात येतात.

पाण्याचं तापमान खळाळात आणि डोहात वेगवेगळं घ्या. आकडा का महत्त्वाचा? समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळू शकतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. तापलेलं पाणी धरतं कमी, आणि त्याच वेळी किड्याचं अंग मागतं जास्त.

धार तुटते तो दिवस

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ लोकांना निरस वाटतो, कारण ओढा शांत दिसतो. खरं तर पहिली मोठी गळती याच वेळी होते. खळाळ थांबला की काळ्या माश्यांच्या अळ्यांना गाळायला पाणी उरत नाही, जाळं विणणाऱ्या कॅडिसचं जाळं लोंबायला लागतं, दगडाला चपटून धारेत श्वास घेणारी मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय अडचणीत येतात. डोहात भरपूर पाणी असलं तरी त्यांना त्याचा उपयोग नसतो. त्यांचे कल्ले वाहत्या पाण्यासाठी घडलेले आहेत.

म्हणून वहीत पाण्याची अवस्था पाच शब्दांत बांधून घ्या: वाहतं, धारेपुरतं, तुटलेलं (डोह आहेत, मध्ये धार नाही), ओलं, कोरडं. प्रत्येक खळाळ ‘धारेपुरतं’वरून ‘तुटलेलं’वर गेला ती तारीख ठळक लिहा. सगळ्या वर्षातली सर्वांत मोलाची नोंद हीच. या सुमारास दर पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला जाता आलं तर जा, कारण हा बदल चार-पाच दिवसांतही होऊन जातो.

तुटल्यावर लगेच खळाळाच्या जागी जा. दगडाखाली पाहिलं तर काही पिल्लं ओलीत अडकलेली असतात, काही वाळलेली. वाळलेली पण पाठीवर चीर पडलेली कातही भेटेल. ती मेलेल्याची नव्हे, उडून गेलेल्याची खूण. मेलेल्यांमध्ये आणि कातींमध्ये फरक करून मोजा. कात पोकळ, पातळ असते, उजेडात धरली की आरपार दिसते.

शेवटचा डोह

फेब्रुवारी-मार्चमध्ये बऱ्याच ओढ्यांत एखाद-दुसराच डोह उरतो, बहुधा उंबराच्या किंवा करंजाच्या सावलीत, नाहीतर कातळाच्या कपारीत. इथे जास्त वेळ बसा. निदान एक तास, आणि पहिली पंधरा मिनिटं पाण्याला हात न लावता.

पाणी आटतं तसं सगळे एकाच भांड्यात येतात: खाणारे आणि खाल्ले जाणारे. पन्नास मीटरमध्ये विखुरलेले मासे, चतुरांची पिल्लं, पाणविंचू, भुंगेरे आता दोन पराती मावतील एवढ्या जागेत असतात. मेफ्लायच्या मऊ पिल्लांना लपायला पाचोळा एवढाच आसरा. याच काळात तुमच्या मोजणीत गंमत दिसेल: किड्यांची संख्या अचानक वाढलेली. ती वाढ नाही, दाटी आहे. म्हणून नुसती संख्या न लिहिता डोहाची लांबी, रुंदी आणि सर्वांत खोल जागीची खोली पट्टीनं मोजून शेजारी लिहा. नाहीतर कागदावर ओढा समृद्ध झाल्यासारखा वाटेल.

आता हात घाला. परातीत मेफ्लायचं पिल्लू घ्या आणि भिंगातून पाठीवरचे पंखकोश पाहा. छातीवर मागे वळलेल्या दोन छोट्या पट्ट्या. कोवळ्या पिल्लात त्या फिकट असतात. पंख आत तयार झाले की गडद, जवळजवळ काळ्या होतात. काळे पंखकोश म्हणजे हे पिल्लू एक-दोन दिवसांत पाण्याबाहेर पडणार. दहा पिल्लं पाहा आणि त्यांतली किती काळ्या कोशांची ते लिहा. डोह लहान होत जाईल तसा हा आकडा कसा बदलतो ते बघण्यासारखं आहे. पाणी तापलं की वाढीचा वेग वाढतो, पण घाईनं वाढलेला किडा लहान अंगाचा निघतो आणि लहान मादी कमी अंडी घालते. पट्टीवर ठेवून लांबी मोजत राहिलात तर हे नुकसान मिलिमीटरमध्ये दिसू शकतं.

संध्याकाळी थांबता आलं तर पंख फुटतानाही दिसेल. मेफ्लायची एक गोष्ट इतर कुठल्याही किड्यात नाही: पंख फुटल्यावरही ती आणखी एकदा कात टाकते. पहिले पंख धुरकट, दुसरे काचेसारखे. पूर्ण वाढलेल्या मेफ्लायला कामाचं तोंडच नसतं, ती खात नाही. काही तास किंवा एखाद-दोन दिवस हाताशी असतात, तेवढ्यात जोडी जुळवायची आणि अंडी टाकायला पाणी शोधायचं. शेवटचा डोह नसेल तर ती अंडी जाणार कुठे?

याउलट भुंगेरे आणि पाणढेकूण निवांत. ते पंखाखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडतात किंवा नळीनं वरची हवा घेतात, म्हणून पाण्यातला प्राणवायू घटला तरी त्यांचं अडत नाही. आणि डोह अगदीच खराब झाला की रात्री उडून दुसरा गाठतात. मार्चमधल्या तुमच्या यादीत हेच जास्त दिसतील.

पहाटे एकदा जाऊन पाहाच. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. सूर्योदयापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडताना दिसले तर डोहाला रात्र जड गेली असं समजा. तापमानाचा दुपारचा आकडा कितीही बोलका असला तरी हे तो सांगत नाही.

एक कळकळीचं सांगणं इथेच. शेवटच्या डोहातून नमुने घेताना हात आखडता ठेवा: दोन ओंजळी पाचोळा, पाच चाळणी, बस. आम्ही तीन वर्षं नोंदी ठेवलेल्या एका डोहात चौथ्या एप्रिलमध्ये कुणीतरी इंजिन लावून पाणी उपसलं आणि मासे धरले. काठावर पाणविंचू वाळून पडले होते, पाचोळ्याचा ढीग उन्हात. त्या पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरात मेफ्लायचे दोन प्रकार त्या टप्प्यात दिसले नाहीत. कारण तेच असं एका ओढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण ती पानं उलटताना आजही मन खट्टू होतं.

वाळूच्या पोटात

पात्र कोरडं दिसायला लागलं की आडव्या कातळाच्या वरच्या अंगाला, वाळू साचलेल्या जागी, हातानं फूटभर खड्डा करा. पाणी झिरपेपर्यंत थांबा. मग ते वाटीनं काढून सुती कापडातून गाळा आणि कापड परातीत झटका. बारीक, फिकट, लांबुडके जीव मिळतील: चिलटांच्या अळ्या, कोवळी मेफ्लाय पिल्लं, आणि कीटक नसलेले इतर चिमुकले जीव. गोट्यांमधल्या पोकळ्या गाळानं बुजलेल्या नसतील तरच हे शक्य असतं. खणून झालं की खड्डा बुजवा, मात्र तो कुणाचा पाण्याचा झिरा नाही ना याची खात्री आधी करा.

कोरड्या मातीला पाणी देऊन पाहणं

हा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो आणि शाळेत करायला अगदी जोगा आहे. एप्रिलमध्ये पूर्ण कोरड्या पात्रातून चार जागांची माती घ्या: खळाळाची जागा, डोहाचा तळ, काठाचा पाचोळा, कातळावरच्या खळग्यातला गाळ. प्रत्येकी दोन ओंजळी, कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये उन्हात वाफ धरते.

घरी चार पारदर्शक डबे घ्या, त्यात एकेक नमुना पसरा आणि वर चार बोटं पाणी घाला. नळाचं क्लोरीनचं पाणी नको. विहिरीचं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या. आता महत्त्वाचं: डब्यांवर बारीक जाळीचं कापड ताणून बांधा. नाहीतर आसपासचे डास येऊन अंडी घालतील आणि तुम्ही त्यांच्या अळ्यांना ‘मातीतून आलेले’ समजाल. पाचवा डबा साक्षीदार म्हणून ठेवा. त्यात तीच माती, पण तव्यावर तासभर भाजून, आणि तेच पाणी. पाचव्या डब्यात काही निघालं तर ते पाण्यातून किंवा हवेतून आलं, आणि बाकीच्या डब्यांबद्दलही शंका घ्यायची.

डबे सावलीत ठेवा. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी टॉर्च बाजूनं मारून भिंगातून पाहा. पहिल्या आठवड्यात बहुधा कीटक नसलेले सूक्ष्म कवचधारी जीव फिरताना दिसतात. चिलटांच्या अळ्या त्यांच्या मागे. मेफ्लायची अंडी असतील तर पिल्लं इतकी बारीक निघतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. काहीच निघालं नाही तर तेही लिहा. प्रयोग संपला की माती आणि जीव त्याच ओढ्याच्या उरलेल्या पाण्यात सोडा, दुसऱ्या ओढ्यात नाही.

कोरडेपणा झेलण्याची परमावधी आफ्रिकेतल्या कातळखळग्यांत सापडते. तिथल्या पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी नावाच्या चिलटाची अळी अंगातलं जवळजवळ सगळं पाणी जाऊ देते, पेशींमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर साठवून स्वतःला जणू काचेत बंद करते, आणि सतरा वर्षं कोरडी ठेवलेली अळीही पाणी मिळताच हलायला लागल्याची नोंद आहे. आपल्या सड्यांवरच्या आणि कातळांवरच्या खळग्यांत कोण काय करतं, हे मातीचे डबे भरभरून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

वळीव, मृग आणि पहिलं पाणी

मे महिन्यात वळवाची एखादी सर येते, पात्रात दोन दिवस पाणी साचतं आणि पुन्हा उडून जातं. ज्या अंड्यांनी या सरीवर भरवसा ठेवला त्यांची पिल्लं संपली. म्हणून काही जातींची अंडी एकदम फुटत नाहीत; थोडी पहिल्या पाण्यावर, थोडी पुढच्या, थोडी त्याहून उशिरा. वळवावर सगळं बियाणं न टाकणारा, दुबार पेरणीची वेळ आलीच तर कणगीत काही राखून ठेवणारा शेतकरी असतो ना, तसंच. डब्यांच्या प्रयोगात एखादा डबा पाच दिवसांनी सुकू द्या आणि आठवड्यानं पुन्हा भिजवा. दुसऱ्या भिजवणीत नवी पिल्लं आली तर हे राखीव बियाणं तुम्ही पाहिलंत.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस लागतो तेव्हा काठावरून, उंचावरून फक्त बघा आणि लिहा. पहिलं पाणी तपकिरी, पाचोळ्याच्या अर्काचं, कधी वणव्याची राख घेऊन येतं. त्यात प्राणवायू कमी असतो. याच पाण्याबरोबर चढणीचे मासे वर निघतात आणि याच सुमारास आकाशात पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. त्यांतला पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा भटक्या चतुर तात्पुरत्या डबक्यांवरच जगतो: अंड्यापासून पंखांपर्यंत दीड-दोन महिन्यांत उरकतो आणि पावसाळा सरताना थवेच्या थवे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे निघतात. आटणाऱ्या पाण्याला यानं शोधलेलं उत्तर म्हणजे पाऊस जाईल तिकडे जाणं. कातळाच्या रंगात मिसळून जाणारा ग्रॅनाइट घोस्ट नावाचा चतुर मात्र इथलाच. तो खडकातल्या खळग्यांत आणि सिमेंटच्या टाक्यांत अंडी घालतो.

वही गावात नेताना

एक वर्ष झालं की पाच-सहा आकडे एका पानावर मांडा: धार तुटली ती तारीख, शेवटचा डोह आटला ती तारीख (किंवा आटला नाही हे), प्रत्येक महिन्यात दिसलेल्या गटांची संख्या, दुपारचं सर्वांत जास्त तापमान, पाणी परत आलं ती तारीख. फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर टाका, तिथे जाणकार ओळख पटवून देतात.

मग ते पान ग्रामपंचायतीत दाखवा, विशेषतः ओढ्याच्या खोलीकरणाचा विषय निघाला असेल तेव्हा. खोलीकरणाला सरसकट विरोध माझ्या मनात नाही. शेताला पाणी हवं हे मान्य आहे. पण यंत्र लावून सगळं पात्र एकसारखं सपाट केलं की डोह, खळाळ, गोट्यांमधल्या पोकळ्या, काठची सावली, सगळं एका दिवसात जातं आणि उन्हाळ्यातला आसरा संपतो. म्हणून नकाशावर बोट ठेवून मागणी करा: डोह क्रमांक ३ आणि ५ सोडा, त्यांच्या काठचे उंबर आणि करंज सोडा, गोटे उचलून नेऊ नका, एप्रिल-मेमध्ये या दोन डोहांत इंजिन लावू नका आणि कपडे धुवायला खालच्या अंगाला वेगळी जागा करा. एवढं ऐकून घेतलं जातं. ओढा वाचवा असं मोघम म्हटलं तर माना डोलतात, दोन डोहांचे क्रमांक सांगितले की माणसं बघायला येतात.

पुढच्या ऑक्टोबरात पाणी निवळलं की त्याच पाच गोट्यांच्या खळाळात, त्याच चाळणीनं पुन्हा सुरू करा. काळ्या माश्यांच्या अळ्या आणि चिलटं तोवर परतलेली असतील, उड्या मारत पोहणारी छोटी मेफ्लायही. स्टोनफ्लाय दिसली तर तारखेखाली दोन रेघा मारा आणि वरच्या अंगाला चालत जाऊन पाहा: माथ्यावर कुठेतरी न आटलेला एक झरा असला पाहिजे.